मदत हवी आहे: स्वतःचे डाव तपासताना नेमकं कुठे थांबायचं?

नमस्कार मंडळी,

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर आठवड्याला तीन-चार डाव खेळतो, १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला १० सेकंदांचे. रेटिंग वर्षभर १४०० च्या आसपास अडकलंय. डाव संपला की लगेच इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावायचं, चुकलेल्या चालींवरची लाल प्रश्नचिन्हं बघायची, 'अरे हो की' म्हणायचं आणि पुढच्या डावाला बसायचं, असं चाललं होतं. आठवड्याभरात पुन्हा तीच चूक.

गेल्या महिन्यातला एक डाव मात्र वेगळा ठरला. पांढरी माझी. राजाशिवाय दोघांकडे फक्त एकेक हत्ती, आणि माझं ए पट्टीत, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेत, एक जादा प्यादं. माझा हत्ती डी पट्टीत उभा राहून समोरच्याचा राजा अडवत होता. 'प्यादं जास्त आहे, मारामारी करून टाकू' म्हणून हत्ती बदलले आणि डाव बरोबरीत गेला. इंजिनने तिथे दोन प्रश्नचिन्हं टाकली, आकडा थेट शून्यावर, म्हणजे बरोबरी. कारण काही कळेना.

मग मोबाइल ठेवून लाकडी पट मांडला आणि दोन्ही बाजूंनी अर्धा तास राजे हलवत बसलो. अडवणारा हत्ती गेला, त्याचा राजा ए८ च्या कोपऱ्यात पोचला की तिथून हुसकताच येत नाही. प्यादं ए७ वर नेलं, माझा राजा बी६ वर, तर त्याला शहही नाही आणि चालही नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी! हेच प्यादं सी पट्टीत असतं आणि माझा राजा त्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला असता, तर डाव माझा होता. हे आता मी विसरणं शक्य नाही.

पण एका डावात चाळीस-पन्नास चाली असतात, नोकरी सांभाळून प्रत्येक जागी अर्धा तास कुठून आणू? इंजिनशिवाय बसलो तर चुकीची जागाच सापडत नाही, कारण चूक नेमकी जिथे सगळं ठीक वाटलं होतं तिथे असते (हत्ती बदलताना मी दहा सेकंदही विचार केला नव्हता). आधी इंजिन लावलं तर डोकं चालायचं थांबतं.

सध्या डाव संपल्या संपल्या, खेळताना मनात काय होतं ते वहीत लिहितो. शेवटच्या टप्प्यासाठी त्याचा फायदा होतोय. मधल्या टप्प्यात मात्र गाडी अडते. उंट देऊन घोडा घेतला, इंजिन अर्ध्या प्याद्याचा फरक दाखवतं. माझ्या पातळीच्या माणसाने त्याच्यामागे लागावं की सोडून द्यावं?

तुम्ही एका डावाला किती वेळ देता, आणि इंजिन कधी उघडता?

आणखी एक विनंती. माजी जगज्जेते बोट्विनिक सांगायचे की स्वतःच्या डावांचं विश्लेषण छापून लोकांसमोर ठेवावं, म्हणजे त्यातल्या चुका इतर जण दाखवतात. पुढच्या हरलेल्या डावाचं माझं टिपण, इंजिन न लावता, इथे टाकलं तर वेळ काढून कोणी बघाल का?