साथीनंतर तरुणांना येणारे हृदयविकाराचे झटके: धोका नेमका कोणाला?

ऐरोलीकर३८
ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका आयटी कंपनीत मी रात्रपाळी करतो. दुसऱ्या लाटेत कोविडमुळे मला रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते, शिवाय वडिलांना पंचेचाळिशीतच हृदयविकाराचा झटका आला होता. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तरुणांच्या अशा प्रत्येक मृत्यूचे खापर लशीवर फोडले जाते. त्यात तथ्य किती, आणि मी कोणत्या तपासण्या कराव्यात?

नेरूळचा वाचक
आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने, १८ ते ४५ वयोगटातील वरकरणी निरोगी व्यक्तींच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला. त्यात लसीकरणामुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. उलट दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात राहून आलेल्यांत, घरात कोणाचा अचानक मृत्यू झालेल्यांत, अमली पदार्थ घेणाऱ्यांत आणि आदल्या ४८ तासांत अतिमद्यपान किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांत. अर्थात, हा अभ्यास अचानक मृत्यूंचा आहे, सगळ्याच झटक्यांचा नव्हे. गटावर पुढे पाठवताना हा भेद सहसा गळून पडतो.

पाचपाखाडी फिजिशियन
साथीचा विचार करताना त्याआधीचे चित्र विसरू नये. ५२ देशांतील इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा वर्षे लवकर येत असल्याचे दिसले होते, आणि त्यामागे धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर अशी परिचित कारणेच होती. आपल्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वडिलांचा इतिहास. रक्तदाब, एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांतील रक्तातील सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) यांबरोबर लिपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण) ही तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घ्यावी. त्याचे प्रमाण प्रामुख्याने आनुवंशिक असते आणि ते नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये मोजले जात नाही. केवळ ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण रक्तवाहिनीत साचलेली चरबी त्यात दिसेलच असे नाही. तंबाखू, सिगारेट असेल तर ती आधी सोडावी.

ऐरोलीकर३८
आभारी आहे. रविवारपासून येऊरच्या चढावर धावण्याचा विचार होता.

पाचपाखाडी फिजिशियन
तपासण्या होईपर्यंत सपाट रस्त्यावर चालावे आणि वेग हळूहळू वाढवावा. धावण्याआधी ट्रेडमिल चाचणी हवी का, हे आपल्या डॉक्टरांना ठरवू द्यावे. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, धाप यांपैकी काही जाणवल्यास तेथेच थांबावे, आणि काही मिनिटांत बरे न वाटल्यास ॲसिडिटी समजून घरी न जाता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.