आधी समजावून सांगायचं, की आधी मुलांना झगडू द्यायचं?

खडूवाला

शिक्षकाने कमी बोलावं, मुलांनी स्वतः शोधावं, आपण फक्त सुलभक, हे इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर शंका घेणंही मागासपणाचं ठरतं. तरी घेतो.

ज्या मुलाला भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज येतच नाही, त्याला गटात बसवून 'शोधा बरं' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. गटात एकाला येत असतं. तो करतो, बाकीचे उतरवून घेतात, तक्ता भिंतीवर लागतो आणि पाहणी करायला आलेले खूश होऊन जातात. माणसाच्या डोक्यात एका वेळी धरून ठेवायला जागा फार थोडी असते, चार-पाच नव्या गोष्टी आल्या की ती भरते. छेद समान का करायचे, लसावि कसा काढायचा, अंशाला कितीने गुणायचं हे सगळंच नवं असेल तर मूल चाचपडण्यातच दमतं. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितावर हेच तपासलं. सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणाऱ्या मुलांनी पुढची तशीच उदाहरणं जास्त झटपट आणि कमी चुका करत सोडवली. नुसतं सोडवत बसलेली मुलं मागे राहिली.

आणि अमेरिकेतला 'फॉलो थ्रू' प्रकल्प. १९६८ पासून गरीब घरांतल्या मुलांसाठी अनेक शिक्षणपद्धती शाळाशाळांत राबवल्या गेल्या, मग त्यांची तुलना झाली. वाचन आणि गणिताच्या पायाभूत कौशल्यांत झीगफ्रीड एंगलमान यांची थेट अध्यापनाची, म्हणजे शिक्षकाने पायरीपायरीने समजावून सांगण्याची, पद्धत सर्वांत पुढे निघाली. गंमत अशी की आत्मसन्मानाच्या मोजमापातही तीच मुलं वर होती, जो म्हणे विद्यार्थीकेंद्री वर्गाचा हक्काचा प्रांत!

गतिमान

खडूवालासाहेब, फॉलो थ्रूच्या निकालांवर १९७८ मध्येच अभ्यासकांनी बोट ठेवलं होतं, तेही सांगा की. एकाच पद्धतीचे निकाल ठिकाणागणिक इतके बदलत होते की पद्धतींमधला फरक त्यापुढे फिका पडत होता. शिवाय चाचण्या पायाभूत कौशल्यांकडे झुकलेल्या. जे मोजलं त्यात जे शिकवलं ते पुढे आलं, यात नवल काय?

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडे एक प्रश्न प्रसिद्ध आहे: अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची धडक झाली, कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम (दोन्ही बलं सारखीच आणि उलट दिशेची) घडाघडा म्हणणारी, त्यावरची गणितं बिनचूक सोडवणारी मुलं सांगतात, ट्रक. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनाही आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच आढळलं. त्यांची व्याख्यानं मुलांना आवडत होती, गुणही चांगले पडत होते. मग त्यांनी तास बदलला. एक संकल्पनात्मक प्रश्न, प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं, मग पुन्हा उत्तर.

आकडे हवेत? रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. सुरुवातीच्या चाचणीनंतर जेवढी सुधारणा शक्य होती, तिच्यापैकी पारंपरिक वर्गांनी सरासरी २३ टक्के गाठली, मुलांना गुंतवणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास तपासले. व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना गुंतवणाऱ्या 'सक्रिय' वर्गांत २२.

तिरपागडा

वर्गात मुलं किती ते आधी सांगा दोघांनी. मग भांडा.

खडूवाला

गतिमान सर, मझूर यांच्या वर्गात प्रश्न कोण निवडतं? चुकीचे पर्याय कोणत्या गैरसमजांवर बेतायचे हे कोण ठरवतं? चर्चा कधी थांबवायची, शेवटी खुलासा कोण करतं? शिक्षकच ना! याला तुम्ही विद्यार्थीकेंद्री म्हणत असाल तर माझी हरकतच नाही. माझं भांडण 'साहित्य ठेवा आणि बाजूला व्हा' या प्रकाराशी आहे.

त्यावरही पुरावा देतो. डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी २००४ मध्ये तिसरी-चौथीच्या मुलांना उतारावरून चेंडू सोडण्याचे प्रयोग करायला दिले. शिकायचं एवढंच, की एका वेळी एकच घटक बदलायचा. समजावून सांगितलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून थोड्या अधिक मुलांना ते जमलं. स्वतः शोधायला सोडलेल्यांपैकी जेमतेम एक चतुर्थांशांना.

चौथीच्या बाई

दादा, तो अभ्यास खरा, पण पुढची गोष्टही आहे. २००७ मध्ये डीन आणि कून यांनी असंच कौशल्य घेऊन मुलांबरोबर कित्येक आठवडे काम केलं. एकदा समजावून सांगितल्याचा फायदा काळाबरोबर ओसरला. सराव करत राहिलेल्या मुलांचं मात्र टिकलं. एका तासात काय जमलं आणि दोन महिन्यांनी काय उरलं, ही दोन वेगळी मोजमापं आहेत.

मला वेगळंच खुपतं. थेट अध्यापनाची बाजू घेणारे नाव एंगलमान यांचं घेतात आणि वर्गात करतात भलतंच. त्यांच्या पद्धतीत मुलं दर काही सेकंदांनी उत्तर देत असतात आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. आपल्या 'शिक्षककेंद्री' तासात काय होतं? 'समजलं का?' 'होऽऽऽ.' पुढचं पान! त्या 'हो'ला काडीची किंमत नाही, सुरात सूर मिसळलाय एवढंच.

मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबायचे, मग दुसऱ्याला विचारायचे किंवा स्वतःच उत्तर द्यायचे. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबायची, 'माहीत नाही' कमी व्हायचं, एरवी गप्प असणारी मुलंही बोलायची. यासाठी गट लागत नाहीत, तक्ते लागत नाहीत. तिरपागडा भाऊ, मुलं कितीही असोत, हे जमतं.

बॅकबेंचर

इथे विद्यार्थी मी एकटाच दिसतोय. खरं सांगू? छान समजावणारे सर असले की तास संपल्यावर सगळं आलंय असं वाटतं. गटचर्चेच्या तासानंतर डोक्याचा भुगा होतो आणि वेळ वाया गेला असं वाटतं. आम्हाला विचाराल तर आम्ही व्याख्यानच मागू.

गतिमान

बॅकबेंचर, हे मोजलं गेलंय! २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांत लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी हे पाहिलं. सक्रिय तासातल्या मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सरांची समज ती आपलीच वाटते. म्हणून 'मुलांना काय आवडतं' यावर पद्धत ठरवायला माझा विरोध आहे, मग ती कोणत्याही बाजूची असो.

खडूवालासाहेब, शिक्षकाने रचना करावी यावर आपलं जमलं. क्रमावर जमत नाही. मनू कपूर यांनी सिंगापूरमध्ये नववीच्या मुलांना प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) शिकवण्याआधीच त्यावरचा प्रश्न दिला. बहुतेकांच्या रीती अपुऱ्या पडल्या. मग शिकवलं. रीत वापरण्यात ही मुलं इतरांच्या बरोबरीने होती, पण संकल्पना समजण्यात सरस. आधी झगडलेल्या मुलाला तुमचं स्पष्टीकरण कशाचं उत्तर आहे ते कळतं.

खडूवाला

नववीची मुलं सरासरी जाणतात, आलेख जाणतात, झगडायला त्यांच्याकडे हत्यारं असतात. माझ्या पाचवीच्या मुलाकडे लसावि नाही. तो कशाने झगडणार? उलट ज्याला येतं त्याला तेच पुन्हा समजावणं अडथळा ठरतं, हे स्वेलर यांच्याच गटातल्या स्लावा काल्युगा यांनी दाखवलंय. म्हणजे नवखा असेल तर सांगा, सरावला की सोडा. दोन उदाहरणं पूर्ण सोडवून दाखवायची, तिसरं अर्धं ठेवायचं, चौथं त्याचं त्याने. गट त्यानंतर.

चौथीच्या बाई

पण एकाच वर्गात दोघंही बसलेले असतात ना! तुमचं तिसरं उदाहरण अर्ध्या मुलांना अजून जड आणि चौघांना कंटाळवाणं. कोण कुठे आहे हे चाचणीच्या दिवशी कळून काय उपयोग? मी तिसऱ्या उदाहरणाला सगळ्यांना पाटीवर फक्त पुढची एक पायरी लिहून वर धरायला सांगते. ज्यांची बरोबर असते ते पुढे जातात, उरलेल्यांना मी माझ्याजवळ बोलावते.

तिरपागडा

म्हणजे एकाच तासात अर्धा वर्ग शिक्षककेंद्री आणि अर्धा विद्यार्थीकेंद्री. पाहणीच्या फॉर्मवर खूण कुठे करायची?