मदत हवी आहे : उत्तर स्वीडनमध्ये, किरुनाला बिऱ्हाड हलवावं का?

रमा_व्हेस्टेरोस

नमस्कार मंडळी,

सध्या आम्ही व्हेस्टेरोसला असतो. नवऱ्याला किरुनात नोकरी मिळतेय, तिथल्या लोखंडाच्या खाणीतल्या यंत्रांच्या ऑटोमेशनची. जानेवारीअखेरपर्यंत हो-नाही कळवायचंय. लेक चार वर्षांची. मी फिजिओथेरपिस्ट, इथल्या लायसन्सचं काम अर्ध्यावर आलंय. दुसऱ्या बाळाचाही विचार आहे. तोही या प्रश्नातच येतो, म्हणून संकोच न करता लिहून टाकते.

घरचे सगळे एकच विचारतात, "अगं, तिथे सूर्यच उगवत नाही ना?" ते मी वाचलंय. साधारण 10 डिसेंबर ते 1 जानेवारी सूर्य वर येत नाही, पण दुपारचे काही तास निळसर उजेड असतो. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळत नाही. म्हणजे कधी येणार, कधी जाणार हे ठाऊक असलेलं संकट. त्याची तयारी करता येईल.

झोप उडालीय ती लोकसंख्येच्या आकड्यांनी. 1970 च्या दशकात किरुना नगरपालिकेत 31 हजारांच्या आसपास माणसं होती, आता साडेबावीस हजारांच्या घरात आहेत. आणि क्षेत्रफळ आपल्या अख्ख्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा जास्त! खाण जोरात चालू, कामाला माणसं मिळत नाहीत अशी ओरड, मग गाव का आटतंय? आणि आटत्या गावात राहणाऱ्यांचं रोजचं काय होतं? दवाखाना, शाळा, मैत्रिणी?

त्या भागात राहिलेल्यांनी कृपया लिहा. "मस्त अनुभव असेल, बिनधास्त जा" हे नको. नॉर्दर्न लाइट्सचे फोटोही नकोत :)

ध्रुवबाळ

लुलेओ विद्यापीठाचा अंतराळ विषयाचा कॅम्पस किरुनात आहे, मी तिथे शिकलो आणि नंतर काही वर्षं नोकरीही तिथेच केली. आता लुलेओत असतो.

गाव आटायची कारणं एकात एक अडकलेली आहेत. पूर्वी खाणीत ज्या कामाला ढीगभर माणसं लागायची ते आता कंट्रोल रूममध्ये बसून होतं. (तुमच्या मिस्टरांची नोकरी त्याच कारणाचा भाग, राग मानू नका.) मुलं शिकायला उमेओ, लुलेओ, स्टॉकहोमला जातात. मुली जास्त जातात आणि कमी परततात. त्यामुळे गावात बायकांपेक्षा पुरुष जास्त. तिसरं म्हणजे ये-जा करणारे. दोन आठवडे पाळी करायची, विमान पकडून दक्षिणेतल्या घरी जायचं. स्वीडनमध्ये नगरपालिकेचा आयकर तुमची नोंद जिथे आहे तिथे जातो, काम कुठे करता याला किंमत नाही. म्हणजे नळ, रस्ते, बर्फ काढणारी गाडी किरुनाची, आणि त्याच्या करावर चालणार शाळा दुसऱ्याच गावची. शिवाय जिममध्ये आज ओळख झालेला माणूस पुढच्या महिन्यात दिसेलच असं नाही. मला अंधारापेक्षा हे जड गेलं. डिसेंबरात चिडचिड व्हायची, पण तेव्हा सगळं गावच चिडलेलं असायचं, सोबत होती.

खाणीचं म्हणाल तर रात्री दीडच्या सुमारास खाली सुरुंग उडवतात. अंथरुणात बारीकसा धक्का जाणवतो, कपाटातल्या कपबशा किणकिणतात. सुरुवातीला मी उठून बसायचो, मग जागच येईनाशी झाली. 18 मे 2020 ला मात्र खाणकामामुळे 4.9 तीव्रतेचा भूकंप झाला होता.

खाणकामामुळे जमीन खचत असल्यामुळे गाव हलवायचं हे 2004 सालीच जाहीर झालं. 2022 मध्ये नव्या मध्यवस्तीचं उद्घाटन झालं. 1912 चं लाकडी चर्च, 672 टनांचं, ऑगस्ट 2025 मध्ये दोन दिवसांत पाच किलोमीटर सरकवलं, ते जगभर दाखवलं गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत खाण कंपनी एलकेएबीने सांगितलं की आणखी सुमारे 6,000 लोकांना घरं सोडावी लागतील. साडेबावीस हजारांत सहा हजार! आमच्या जिन्यात एक आजी होत्या, त्यांना नवा फ्लॅट छान मिळाला, लिफ्टसुद्धा. पण जुन्या दुकानासमोरच्या बाकावर रोज भेटणाऱ्या त्यांच्या चौघी चार दिशांना गेल्या. तो बाक कुणाच्या नुकसानभरपाईत बसला नाही.

घर बघताना ते हलवायच्या पट्ट्यात येतं का, हे आधी विचारा.

सुईदोरा

येलिव्हारेच्या दवाखान्यात नर्स आहे. बाळाबद्दल लिहिलंत म्हणून स्पष्टच सांगते.

मिडवाइफकडच्या नेहमीच्या भेटी किरुनात होतात. प्रसूती आमच्याकडे, सुमारे 120 किलोमीटरवर. हिवाळ्यात रस्त्यावर रेनडिअर, वारा असला तर समोरचं दिसत नाही. गुंतागुंत असेल तर सुंडरब्यूचं मोठं हॉस्पिटल, लुलेओजवळ, किरुनापासून तीनशे किलोमीटरच्या पुढे. बहुतेक बायका सुखरूप बाळंत होतात, घाबरवत नाहीये. पण अजून दक्षिणेला सोलेफ्तेओ म्हणून गाव आहे, तिथला प्रसूती विभाग 2017 च्या सुरुवातीला बंद झाला, तेव्हा सुइणींनी जोडप्यांसाठी चक्क "गाडीत बाळंतपण कसं करावं" याचा वर्ग घेतला होता. जन्म कमी म्हणून विभाग बंद, विभाग बंद म्हणून तरुण जोडपी नकोच म्हणतात, की जन्म आणखी कमी.

दुसरं, उत्तरेत बरेच डॉक्टर एजन्सीमार्फत काही आठवड्यांसाठी येतात. दर वेळी नवा चेहरा, आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून. जुनाट दुखणं असलेल्यांना आणि मन ठीक नसलेल्यांना याचा फार त्रास होतो. मानसोपचारात तर माणूस बदलला की पेशंट यायचाच बंद होतो, हे मी पाहते आहे.

रमाताई, तुमचं लायसन्स हा मात्र हुकमाचा पत्ता आहे. इकडे फिजिओ मिळत नाहीत. नवऱ्याने होकार देण्याआधी तुमच्या कामाबद्दल नगरपालिका आणि रीजन (दवाखाने चालवणारं प्रांताचं प्रशासन), दोन्हीकडे विचारणा करा. आलेली कुटुंबं परत जातात ती बहुतेक वेळा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाताला काम नसतं म्हणून.

खवय्या_७७

तूरडाळ मिळते का तिथे? हा निकष कुणी लावतच नाही.

ट्रॉम्सोकर

@खवय्या, पार्सलने येते. हिंगाचं पार्सल कस्टम्सने उघडलं होतं, त्यांचीच शिक्षा त्यांना.

नॉर्वेबद्दल थोडं. फिनमार्क आणि नॉर्ड-ट्रॉम्समध्ये, म्हणजे अगदी उत्तर टोकाला, 1990 पासून खास सवलती आहेत: आयकर कमी, शिवाय तिथे राहून काम करणाऱ्यांच्या शैक्षणिक कर्जातला काही भाग दरवर्षी माफ. माझ्या ओळखीतले दोघं त्यावर आले. कर्ज फिटलं, एक गेला, एक राहिला. राहिलेल्याने मच्छीमाराच्या मुलीशी लग्न केलंय, त्याचं श्रेय सरकारला देता येणार नाही.

आणि माणसं कमी म्हणजे जमीन मोकळी असं समजू नका. किरुना सामी लोकांचा, म्हणजे इथल्या मूलनिवासींचा मुलूख आहे, स्वीडनच्या सामी संसदेचं मुख्यालयही तिथेच. जानेवारी 2023 मध्ये शेजारच्या पेर गेयेर खनिजसाठ्यात दहा लाख टनांहून अधिक दुर्मिळ मृदा ऑक्साइड (विजेच्या गाड्या, पवनचक्क्यांना लागणारी खनिजं) असल्याचं जाहीर झालं, युरोपभर आनंद. गाब्ना या सामी समूहाचं म्हणणं असं की तिथे खाण झाली तर त्यांच्या रेनडिअरची ये-जा करायची वाटच तुटेल. किरुनात राहायला गेलात तर या वादात मत विचारलं जाईल, तेही खाणीत नोकरी करणाऱ्याच्या बायकोला. आधी ऐकून घ्या, मग बोला.

रमा_व्हेस्टेरोस

सगळ्यांचे आभार, असंच हवं होतं.

मातृभाषेच्या तासाचंही बघितलं. नगरपालिकेत त्या भाषेची किमान पाच मुलं आणि शिकवायला योग्य शिक्षक असेल तरच सोय करणं बंधनकारक आहे. किरुनात मराठी पाच पोरं? त्यातली दोन मीच पुरवायची बहुतेक.

नवऱ्याशी बोलले. तो म्हणतो, "सहा महिने मी एकटा जातो, येऊन-जाऊन करतो, मग ठरवू." म्हणजे ध्रुवबाळ म्हणतात तोच माणूस आमच्या घरात तयार होणार. पगार तिकडचा, कर व्हेस्टेरोसला, आणि लेकीला बाबा फोनवर. मला ते पटत नाहीये. गेलो तर सगळे जाऊ, नाहीतर नकोच. सुईदोरा म्हणतात तसं रीजनला उद्याच मेल टाकते.

हो-नाही कळवण्याआधी जानेवारीत लेकीला घेऊन चार दिवस राहून यावं म्हणतेय. बालवाडी आतून बघू देतात का?

सुईदोरा

देतात, आधी फोन करून वेळ ठरवा. बघायला गेलात की किती शिक्षिका वर्षभराहून जास्त टिकल्या आहेत ते विचारा, भिंतीवरची चित्रं नंतर बघा. जागा मिळण्याची काळजी नको, मागणी केल्यापासून चार महिन्यांत द्यावीच लागते. लेकीला आतून लोकरीचे कपडे घाला, सुती नको, घामाने ओले झाले की गारठते. भाड्याची गाडी घेतलीत तर इंजिन गरम ठेवायची वायर डिकीत आहे ना ते विमानतळावरच बघून घ्या. आणि येलिव्हारेला एक चक्कर मारा, तो रस्ता दिवसाउजेडी एकदा स्वतः चालवून बघा. सकाळी अकराला निघा.