गच्चीवरची उभी पवनचक्की: घ्यावी की नाही?

सडेकर
आमचं घर रत्नागिरीजवळ सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. छतावर दोन किलोवॅटचं सोलर आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसाला आठ युनिट सहज मिळतात. आषाढात आभाळ उतरलं की दोन युनिटचीही मारामार, आणि नेमका तेव्हाच वारा असा सुटतो की दार लावायला दोन माणसं लागतात. म्हणून उभ्या आसाची, म्हणजे पाती उभ्या दांड्याभोवती फिरणारी पवनचक्की घ्यायचं ठरवतोय. वारा कुठूनही आला तरी ती फिरते, वाऱ्याकडे तोंड वळवायला शेपूट लागत नाही आणि जनित्र खाली असल्यानं खांबावर चढायला नको. विक्रेता एक किलोवॅटची देतोय. छतावरच्या 3 किलोवॅट सोलरला केंद्राचं 78 हजार अनुदान आहे. कोकणपट्टीत वाऱ्यालाही तेवढंच मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मीटरवाला
घेऊ नका, कळकळीनं सांगतो. पुण्यात आमच्या सोसायटीनं गच्चीवर अशा दोन बसवल्या. मी तेव्हा सेक्रेटरी होतो. वर्ष उलटलं तरी जिन्यातल्या दिव्यांचा खर्चही त्यातून निघाला नाही. शेवटच्या मजल्यावरच्या आजींना रात्रभर भिंतीतून घुमल्यासारखा आवाज यायचा, म्हणून शेवटी उतरवल्या.

विक्रेत्याला एकच विचारा: हा एक किलोवॅट किती वाऱ्याला? बहुतेक वेळा उत्तर येईल सेकंदाला 12 मीटर, म्हणजे ताशी 43 किलोमीटर. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनानं बदलते. वेग एक तृतीयांश झाला, म्हणजे 4 मीटरवर आला, तर वीज सत्ताविसाव्या हिश्शावर येते. हजार वॅटचे 37 वॅट. एवढ्यात साधा पंखासुद्धा नीट फिरत नाही.

सडेकर
हिशेब बरोबर, पण अर्धा. सरासरी वेगाचा घन आणि घनांची सरासरी या दोन वेगळ्या गोष्टी. बारा तास 2 मीटर आणि बारा तास 6 मीटर वारा असेल तर सरासरी 4 येते. 4 चा घन 64. पण 8 आणि 216 यांची सरासरी 112 येते, बरोबर पावणेदोन पट. आमच्याकडचा वारा असाच झोतानं येतो. पुण्याच्या गच्चीचा न्याय सड्याला लावू नका.

मीटरवाला
हे मान्य. सडा आणि गच्ची एक नव्हेत. आम्ही नंतर बांबूला रिबीन बांधून पाहिलं. कठड्याजवळ आणि पाण्याच्या टाकीमागे ती नुसती गरगरत होती. बांबू वीस फूट वर नेल्यावर कुठे सरळ एका दिशेला उडाली. हे पैसे भरायच्या आधी करायला हवं होतं.

पण मग तुमचाच मुद्दा उलटतो. पावसाळ्यात तुमच्याकडे वारा येतो समुद्रावरून, एकाच बाजूनं. चारही दिशांचा वारा घेण्याचा गुण तिथं काय कामाचा? उंच खांबावरची साधी आडव्या आसाची चक्की तेवढ्याच क्षेत्रफळाच्या वाऱ्यातून जास्त वीज काढेल. उभ्या चक्कीचं पातं अर्धा फेरा वाऱ्याच्या विरुद्ध जातं. प्रत्येक फेऱ्याला त्याच्यावरचा ताण बदलतो, त्यानं सांधे आणि बेअरिंग थकतात. कॅनडात क्युबेकमधल्या काप-शा गावी 110 मीटर उंचीची उभी पवनचक्की होती. 1993 मध्ये तिचं खालचं बेअरिंग गेलं आणि ती कायमची थांबली. तुमच्याकडे तर खारा वारा.

शाळामास्तर
मला दोन्ही बाजू थोड्या टोकाच्या वाटतात. पूर्व इराणमध्ये नश्तीफानला माती-लाकडाच्या उभ्या चक्क्यांनी शतकानुशतकं धान्य दळलं. तिथं 'एकशेवीस दिवसांचा वारा' म्हणतात, उन्हाळ्यातले चार महिने एकाच अंगानं येणारा. आपल्या पावसाळ्यासारखाच हंगामी. विरुद्ध जाणाऱ्या अर्ध्या फेऱ्याला त्यांनी सरळ भिंतीची आड दिली. आम्ही शाळेत जुना ड्रम उभा चिरून दोन अर्धे भाग एकमेकांना उलटे बसवले, फिनलंडच्या साव्होनियसची रचना ती. झुळूक आली तरी फिरतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर व्हरांड्यातला दिवा लागतो. त्यावर घर चालणार नाही, पण मुलांना वाऱ्याचा जोर हाताला कळतो.

वायरमन
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. सोलर ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाईनीला जोडलेलं असेल, तर लाईट गेली की त्याचा इन्व्हर्टर बंद होतो. चक्कीही तशीच जोडली तर वादळात बाहेर ती गरगर फिरेल आणि घरात काळोख. बॅटरी घ्यावीच लागेल, तिचा खर्च आधी धरा. आणि ब्रेक कसा आहे ते विचारा. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे पत्रे उडाले, पोफळी मोडल्या. वाऱ्याचा दुप्पट वेग म्हणजे पात्यावर चौपट दाब. चक्की हातानं थांबवायला तेव्हा कुणी बाहेर पडणार नाही. बाकी जनित्र खाली असण्याच्या मुद्द्यावर मी सडेकरांच्या बाजूनं. पावसात साठ फुटी खांबावर चढायला मी माझ्या पोराला पाठवणार नाही.

सडेकर
बॅटरी आणि ब्रेकचं लक्षात घेतलं. आडव्या आसाला मात्र माझा अजून नकार आहे. कमी वीज चालेल, पण जी माझ्या माणसाला जमिनीवर उभं राहून दुरुस्त करता येईल तीच हवी. विक्रेत्याला आज थांब म्हणून सांगितलं. वारा मोजायचं यंत्र मागवतो, ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत रोज नोंद ठेवतो.

मीटरवाला
उत्तम. फक्त बांबू माडांच्या झापांपेक्षा वर जाऊ द्या, नाहीतर झापांमागचाच वारा मोजाल. आणि वेग दर तासाला लिहा. सरासरीवर माझ्याशी तुम्हीच भांडलात ना.