मदत हवी आहे : ३:३० च्या मॅरेथॉनमध्ये पहिला अर्धा भाग किती सावकाश धावावा?

नमस्कार मंडळी. २०२३ च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये केनियाच्या केल्विन किप्टुमने २:००:३५ चा विश्वविक्रम केला, तो पहिला अर्धा भाग ६०:४८ आणि दुसरा ५९:४७ असा धावून. ३० ते ३५ किमी तर फक्त १३:५१ मध्ये! उलट २०२२ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये केनियाच्याच एलिउड किपचोगेने ५९:५१ ने सुरुवात केली आणि उत्तरार्ध ६१:१८ चा झाला, तरी २:०१:०९ हा तेव्हाचा विश्वविक्रमच. दोन्ही धावा अफाट, पण आखणी नेमकी उलटी.

माझ्या ३:३० (साडेतीन तास) साठी हिशोब असा: पूर्वार्ध १:४५:३० (किमीला ५:००), उत्तरार्ध १:४४:३० (४:५७). वळणं बाहेरून घेतली की जीपीएस घड्याळ ४२.१९५ ऐवजी ४२.५ किमीही दाखवतं, मग घड्याळावर सरासरी ४:५६ हवी. हे बरेच जण विसरतात आणि शेवटी मिनिटभराने हुकतात.

धावताना घ्यायचं एनर्जी जेल २५ ग्रॅम कार्बचं (कर्बोदकांचं), दर २५ मिनिटांनी एक, म्हणजे तासाला ६० ग्रॅम. त्यापुढे नुसतं ग्लुकोज पोटात साचतं, फ्रुक्टोजची जोड लागते.

प्रश्न दोन. साडेतीन तासांच्या धावपटूला दोन अर्ध्यांत मिनिटाचा फरक पुरेसा, की पहिले ५ किमी आणखी हळू घ्यावेत? आणि उन्हामुळे ३० किमीनंतर त्याच वेगाला हृदयगती चढत गेली, तर वेग धरून ठेवावा की हृदयगती? तुमच्या लांब रनमधले ठोके आणि स्प्लिट्स (टप्प्याटप्प्याच्या वेळा) सोबत दिलेत तर फार उपयोग होईल.