श्वासावरचे इंग्रजी लेख वाचतोय, पण शब्द डोक्यात टिकत नाहीत

अर्धवट_वाचक:
मंडळी, इंग्रजी सुधारायला रोज हेल्थवरचा एक लेख वाचायचा असं ठरवलंय. सध्या श्वास आणि फुफ्फुसं घेतलंय, कारण शाळेत श्वासपटल, वायुकोश वगैरे मराठीत झालेलं आहे, तेवढाच आधार. पण दर ओळीला डिक्शनरी, आणि उद्या तोच शब्द परत अनोळखी. काल 'ड्युरिंग इन्स्पिरेशन द चेस्ट एक्स्पांड्स' असं आलं, मी म्हटलं वा, प्रेरणा मिळाली की छाती फुगते! पुढचा अख्खा परिच्छेद तसाच लावत बसलो. तुम्ही कसं लक्षात ठेवता?

चष्मिश:
हाहा, फुगतेच की 😄 पण इथे इन्स्पिरेशन म्हणजे श्वास आत घेणं. लॅटिनमध्ये स्पिरारे म्हणजे श्वास घेणे, त्याचं सगळं खानदान एकदम धरा, सुटे शब्द नकोत. एक्स्पायर म्हणजे श्वास बाहेर सोडणं, मग शेवटचा श्वास सोडणं, आणि तिथून औषधाच्या पाकिटावरची एक्स्पायरी. कॉन्स्पायर म्हणजे मुळात एकत्र श्वास घेणं, कट करणारे डोक्याला डोकं लावून कुजबुजतायत असं डोळ्यासमोर आणा. आणि हो, ब्रेथ हे नाम, ब्रीद हे क्रियापद, आपण सर्रास 'टेक अ डीप ब्रीद' म्हणतो ते चूक, डीप ब्रेथ.

रातकिडा:
मी तर शब्द करून बघतो, घरचे हसतात ते सोडा. गॅस्प म्हणजे दचकून एकदम आत ओढलेला श्वास, साय म्हणजे सुस्कारा, व्हीझ म्हणजे छातीतून येणारी शिट्टी, पँट म्हणजे धापा टाकणं. ('द डॉग वॉज पँटिंग' वाचून मला आधी कुत्र्याला पँट घातलेलीच दिसली होती.) एकेकदा आवाज काढला की शब्द बसतो. आणि आजारांच्या नावात शेवटी आयटिस दिसलं की सूज समजायची, ब्रॉंकायटिस, सायनसायटिस. रायनायटिस म्हणजे नाकाच्या आतली सूज, ग्रीकमध्ये नाकाला जो शब्द आहे तोच गेंड्याच्या रायनोमध्ये, नाकावर शिंग म्हणून.

हळूबाई:
वरचं सगळं बरोबर, पण अर्थ खरा हुकतो तो बारक्या शब्दांत. मे, माइट, असोशिएटेड विथ हे आपण वाचतावाचता गिळून टाकतो. नाकाने श्वास घेतला की हवा गरम, ओलसर आणि गाळून आत जाते हे लेखात सरळ विधान म्हणून येतं, पण त्याच लेखात पुढे 'मे इम्प्रूव्ह स्लीप' असतं आणि आपण घरी सांगतो झोप सुधारते म्हणून! असोशिएटेड म्हणजे दोन गोष्टी सोबत दिसल्या, एकीमुळे दुसरी झाली असं नाही, त्याला कॉजेस लागतं. मी लेखाची प्रिंट काढून आधी फक्त एवढेच शब्द पेन्सिलने गोल करते, अवघड नावं नंतर. आणि असं वाचून कोणी रात्री तोंडाला टेप वगैरे लावू नका, घोरण्याचा त्रास असेल तर डॉक्टरला दाखवा.

अर्धवट_वाचक:
भारी! तोच लेख परत उघडला, पुढे 'एक्स्पायर्ड एअर'मध्ये साधारण 16 टक्के ऑक्सिजन असतो असं आहे. काल मी हे मुदत संपलेली हवा म्हणून वाचलं होतं. आत घेतो तेव्हा 21 टक्के, म्हणजे बराचसा तसाच बाहेर येतो, म्हणून तोंडाने दिलेला श्वास दुसऱ्याच्या कामी येतो होय! गोल करायला बसलो तर पहिल्याच पानावर मे सात वेळा निघाला.