मदत हवी आहे: 'रीडआउट'ला मराठीत काय लिहू?

इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि 'रीडआउट' या एका शब्दापाशी दोन दिवस अडकलेय. तोडून 'रीड आउट' लिहिलं की ते क्रियापद, म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणं. इथे मात्र जोडून लिहिलेलं नाम आहे. माझ्या समजुतीने डिस्प्ले म्हणजे काचेमागची ती पट्टी आणि रीडआउट म्हणजे तिच्यावर उमटलेला आकडा, समजा १.२५० किलो. बरोबर ना?

घोळ असा की एका पानावर 'रीडआउट स्थिर होईपर्यंत थांबा' आहे आणि पुढच्याच पानावर 'रीडआउट ओल्या फडक्याने पुसू नका'. आता आकडा कोण पुसणार! म्हणजे हा शब्द पट्टीलाही चालतो का?

'दर्शक' लिहावं तर टीव्हीसमोर बसलेली माणसं आठवतात. 'वाचन' नकोच. 'रीडिंग' विजेच्या मीटरमुळे सगळ्यांना कळतं. पण वाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक सरळ विचारतं, "काट्यावर किती आलं?" म्हणून पहिल्या ठिकाणी 'काट्यावरचा आकडा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'डिस्प्ले' लिहिलं तर चालेल? तांत्रिक भाषांतर करणाऱ्यांनी प्लीज सांगा, शुक्रवारी मजकूर द्यायचाय.